मापाची वही

दुकान रिकामं करताना सापडली,
कात्रीच्या खणात, लाल पुठ्ठ्याची,
फक्त पक्क्या गिऱ्हाइकांची.
वडिलांचं अक्षर मोडीतून नुकतंच बाहेर पडलेलं,
पाय ओढत चालणारं.

*हेर्लेकर रंगराव. सन चोपन्न.
छाती साडेतेहेतीस, कंबर सव्वीस.
पाटलोण गॅबर्डीन, दोन चुण्या, मोहरी बावीस.*
खाली शेरा : *गिऱ्हाईक आरशात फार बघतं.*

पापाच्या तिकटीजवळ, तालमीच्या माडीवर
एका खोलीत चार सडेफटिंग.
खाली शड्डू, वर शिट्टी.
मी दहा वर्षांचा, इस्त्रीचे कपडे पोचवायचो
दोन्ही हात पुढे धरून, नैवेद्यासारखे.
रंगराव ती पाटलोण पुन्हा गादीखाली घालून झोपायचे.
आमच्या घडीवर विश्वास नव्हता
की रात्रभर सरळ पडून राहायला निमित्त हवं होतं,
देव जाणे.

खुंटीला हॅट, कधी पावसात न नेलेली.
ब्रिलियंटाइनच्या बाटलीत तळाला हिरवट दोन बोटं,
सणापुरती.
आरसा उंचीवरून भांडण होऊन मधोमध टांगलेला,
म्हणजे कुणालाच नीट न दिसणारा.
आणि काळ्यापांढऱ्या बुटांचा एकच जोड, चौघांत.
ज्याची पाळी त्यानं रंकाळ्यावर पुढं चालायचं,
बाकीचे तिघं कापशी चपला करकरवत मागं.
इंगवल्यांचा पाय मोठा.
त्यांच्या पाळीला फिरणं लवकर संपायचं.

गंगावेशीत म्हशीखालचं दूध, उभ्या उभ्या.
मिशीवरचा फेस मनगटानं पुसायचे;
रुमाल पुसायला नव्हताच,
तो खिशातून दिसायला होता.

रविवारी रात्री अक्काताईंची खाणावळ बंद.
त्या रात्री चौघं भडंग खायचे
आणि आपण किती सुखात आहोत
ते एकमेकांना सांगायचे, बराच वेळ.

मला ते सगळं हवं होतं.
भडंगसुद्धा.
आईला म्हटलं, मी लग्न करणार नाही, रंगराव होणार.
ती त्यांच्याच शर्टाची काजं करत होती,
कंदिलात जवळजवळ शिरून.
दातानं दोरा तोडत म्हणाली,
"व्हय की. पण तुझी काजं कुणी करायची,
तेवढं आत्ताच ठरवून ठेव."

वही पुढे सरकते.
इंगवले : अठ्ठावीस, तीस. मग एकदम चौतीस,
शेजारी वडिलांनी बारीक अक्षरात : *मुलगा झाला.*
निंबाळकर : बदली बेळगाव, येणे रुपये सात.
सरनोबतांच्या नावावर पट्टीनं मारलेली सरळ रेघ,
कारण लिहिलेलं नाही, मीही कधी विचारलं नाही.
हेर्लेकर : सव्वीस.
सव्वीस.
सव्वीस. इथून अक्षर माझं.

आकडा पाठ होता तरी मी टेप लावायचो.
ते हात थोडे वर धरून, श्वास रोखून उभे.
दिवाळीच्या आधी, वर्षातून एकदाच.
मी घाई करत नसे.

बावीसची मोहरी पुन्हा आली म्हणे.
नातू घालतो, दुकानातून तयार आणलेली,
खिसे एवढे खोल की हात सापडत नाही.
त्याला वही दाखवली.
म्हणाला, "सव्वीस कंबर? जेवत नव्हते काय हे?"
जेवत होते. अक्काताईंची आमटी पातळ होती, एवढंच.

शेवटचं माप दोन हजार चार सालचं.
टेप चोवीसवर आली.
मी मोठ्यानं सव्वीस म्हणालो, वहीतही तेच लिहिलं,
आणि पाटलोण शिवली चोवीसची.
पोचवायला स्वतः गेलो, जिन्यात दोनदा थांबून.
दार उघडं, खुंटी रिकामी.
ते घालून आरशासमोर उभे राहिले,
मान वाकडी करून, जेवढं दिसेल तेवढं बघत.

"मोहरी अर्धा इंच जास्त झालीय."

झाली होती.